एक मे नक्की कोणाचा? खांब, लाल झेंडा आणि सालाचा करार

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. तुम्ही म्युनिकजवळच्या एका गावात राहता. १ मेला तिथल्या चौकात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब उभा असतो, बँड वाजतो, लोक बाकांवर बसून बिअर पितात. शहरात त्याच सकाळी कामगार संघटनांचा मोर्चा निघतो. संध्याकाळी तुमच्या मराठी मंडळात महाराष्ट्र दिन. यंदा मुलांसमोर पंधरा मिनिटं बोलायचं काम मंडळाने तुमच्या गळ्यात घातलंय, आणि तुमच्या लेकीने घरीच तुम्हाला अडवलंय: हा सण मुळात कोणाचा? तुम्हाला दोन उत्तरं सापडली. एक म्हणतं, हा प्राचीन वसंतोत्सव, कामगारांनी तो नंतर उचलला. दुसरं म्हणतं, शिकागोच्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ हा दिवस ठरला आणि खांबाशी त्याचा संबंध निव्वळ योगायोगाचा.

दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. मी आधी गिरणगावात आणि नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगारांचे अभ्यासवर्ग घेत आलोय. एप्रिल संपत आला की मे दिनाचा तास ठरलेला. शिकागोपासून सुरुवात केली की माणसं श्रद्धेने ऐकतात आणि गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे. तारखेपासून सुरुवात केली की प्रश्न विचारतात. म्हणून तुम्हालाही तेच सुचवतो. ‘मूळ कोणाचं’ हे बाजूला ठेवा आणि असं विचारा: हीच तारीख का? कोणी धरली, आणि कशासाठी?

माझं मूळ गाव खानदेशातलं. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात. त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचं, साल संपतं. वर्षभराचा हिशोब होतो, उचल किती गेली, बाकी काय राहिली ते बघतात, आणि पुढच्या सालाचा बोलीकरार ठरतो. राहायचं की दुसऱ्या मळ्यात जायचं, हे सालदार त्याच दिवशी ठरवतो. मराठवाड्यात आणि विदर्भात बऱ्याच भागांत सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं. कारण साधं आहे. रब्बीचं धान्य घरात आलेलं असतं, खरिपाची घाई अजून लागलेली नसते. सण साजरा करायला जी सवड लागते, तीच हिशोब आणि करार करायलाही लागते. त्यामुळे झोके आणि हिशोब एकाच दिवशी येतात. एकातून दुसरं निघालंय असं नाही, दोन्ही एकाच हंगामातून निघाली आहेत.

युरोपातल्या १ मेचं कोडं मला याच बाजूने सुटतं.

उत्तर आणि पश्चिम युरोपात १ मे म्हणजे हिवाळ्याचा शेवट. वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस यांच्या जवळजवळ मधोमध ही तारीख पडते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये या दिवसाला बेल्टेन म्हणत. इसवी सन ९०० च्या आसपासच्या एका आयरिश शब्दसंग्रहात त्याचं वर्णन आहे: दोन मोठ्या होळ्या पेटवायच्या आणि त्यांच्या मधून गुरं हाकायची, म्हणजे वर्षभर त्यांना रोग लागत नाही. हे ऐकलं की लोकांना लगेच जादूटोणा आणि गूढ देवता आठवतात. मला त्यात गुराखी दिसतो. गोठ्यातली गुरं उन्हाळी कुरणावर न्यायचा तो दिवस. पुढे याच आयर्लंडमध्ये जमिनीचा खंड भरायचे दोन ठरलेले दिवस होते, १ मे आणि १ नोव्हेंबर. म्हणजे होळी आणि खंड एकाच तारखेला.

रोमन लोकांचा फ्लोरा देवीचा उत्सव २८ एप्रिलला सुरू व्हायचा आणि पुढे तो ३ मेपर्यंत चालू लागला. फुलं, नाटकं, भरपूर धांगडधिंगा. त्यातूनच युरोपभरचा मे-उत्सव आला असं अनेक ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. अशी सरळ रेघ ओढायला पुरावा नाही. थंडी सरली आणि झाडं फुलली की माणसं फांद्या घरी आणतात, त्यासाठी रोमची परवानगी लागत नाही. पण ही फ्लोराबाई लक्षात ठेवा, पुढे ती मुंबईत भेटेल.

तुमच्याकडे ३० एप्रिलच्या रात्री जे चालतं त्याला वालपुर्गिसची रात्र म्हणतात. आठव्या शतकातल्या संत वालपुर्गाच्या नावावरून. हार्झ डोंगरातल्या ब्रोकेन शिखरावर त्या रात्री चेटकिणी जमतात ही तिकडची लोककथा. मुलांना हे आवडेल, पण यात फार वेळ घालवू नका.

आता खांब. इंग्लंडमध्ये १६४४ साली प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटने मेचे खांब काढून टाकायचा हुकूम काढला, कारण त्यांच्या मते ते मूर्तिपूजकांचं थेर होतं. १६६० मध्ये राजा परतला, आणि लगोलग लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १३४ फुटांचा खांब उभा राहिला. तो जुना झाल्यावर १७१७ च्या सुमारास उतरवला, तेव्हा आयझॅक न्यूटनने तो वॉनस्टेडला नेण्याची व्यवस्था केली. तिथे एका मोठ्या दुर्बिणीला आधार म्हणून त्याचा उपयोग झाला. (मुलांसाठी ही गोष्ट चेटकिणींपेक्षा चांगली आहे असं माझं मत.) आणि खांबाभोवती रंगीत फिती विणत मुलींनी नाचायचं, हे जे चित्र आपल्याला फार प्राचीन वाटतं, ते इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. शाळांमधून आणि रंगमंचावरून पसरलं.

तुमच्या बव्हेरियातल्या खांबाकडे मात्र नीट बघा. बऱ्याच गावांत त्याला दोन्ही बाजूंनी आडव्या पट्ट्यांवर लहान लहान चिन्हं लावलेली असतात. पावाची भट्टी, नाल, करवत, कात्री, दारूचं पिंप. गावात कोणकोणते कसबी आहेत याची ती यादी आहे. बलुतेदारांची पाटीच म्हणा. म्हणजे ज्याला आपण निव्वळ वसंताचा खांब समजतो, त्यावर काम करणाऱ्यांचीच चिन्हं आहेत. उभारण्याआधी शेजारच्या गावाने खांब पळवायचा आणि बिअर-जेवणाची खंडणी घेऊन परत करायचा, हाही रिवाज आहे. त्यासाठी गावातली तरुण पोरं रात्रभर पहारा देतात. सगळीकडे असंच असतं असं मात्र मुलांना सांगू नका. तुम्ही ऱ्हाईनच्या काठी राहत असता तर वेगळं सांगावं लागलं असतं. तिथे तरुण मुलगा आवडत्या मुलीच्या घरापुढे बर्चचं झाड कागदी फिती लावून उभं करतो, आणि लीप वर्षी हे काम मुलींकडे येतं.

लंडनचं एक उदाहरण मी वर्गात हमखास देतो, कारण ते शिकागोच्या दोनशे वर्षं आधीचं आहे. सॅम्युअल पेपिस नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १ मे १६६७ च्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की रस्त्यात दुधाच्या बादल्यांना फुलांच्या माळा बांधलेल्या गवळणी, पुढे फिडलवाला घेऊन, नाचत चाललेल्या दिसल्या. या बायका घरोघरी दूध घालणाऱ्या. १ मेला त्या आपल्या गिऱ्हाइकांच्या दारी नाचून बक्षिसी घेत. पुढे धुराडी साफ करणारे कामगार आणि त्यांच्या हाताखालची लहान पोरं या दिवशी तोंडाला रंग फासून, एकाला पानापाल्यात नखशिखांत झाकून, रस्त्यावर पैसे मागत फिरायची. ऊन पडलं की शेगड्या विझतात आणि धुराडी साफ करणाऱ्याचं काम बसतं. पुढच्या बेकारीच्या महिन्यांची ती बेगमी होती. आपल्या दिवाळीच्या पोस्ताची आठवण येते ना? तेव्हा वसंताचा सण गरीब कष्टकऱ्यांचा नव्हता आणि कामगार चळवळीने तो नंतर ‘उचलला’, हे पहिलं उत्तर इथेच लंगडं पडतं.

आता अमेरिका, कारण आधुनिक मे दिनाची तारीख तिथून आली.

न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात १ मे हा घर बदलायचा दिवस होता. भाडेकरार त्याच दिवशी संपत, त्यामुळे सगळं शहर एकाच दिवशी सामान गाड्यांवर लादून इकडून तिकडे जायचं. शिकागोतही हाच रिवाज होता. बांधकामाच्या धंद्यात मजुरीचे करारही १ मेपासून धरत, कारण बर्फ वितळल्यावर काम सुरू व्हायचं. म्हणजे आखाजीच. सालाचा पहिला दिवस. मजुरीची नवी अट घालायची असेल तर ती याच दिवसापासून घालायची.

म्हणूनच इलिनॉय राज्याने १८६७ मध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा केला तेव्हा तो १ मेपासून लागू झाला. कायद्यात एक मेख होती: वेगळा करार नसेल तरच आठ तास. शिकागोच्या कामगारांनी त्या दिवशी मोठी मिरवणूक काढली. मालकांनी वेगळे करार पुढे केले. संप झाला, तो मोडला आणि कायदा कागदावर राहिला. हा प्रसंग आपल्याकडच्या पुस्तकांत फारसा येत नाही. मला तो १८८६ इतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कायदा करून घेऊ’ यावरचा त्या शहरातल्या कामगारांचा विश्वास तिथे उडाला.

ऑक्टोबर १८८४ मध्ये शिकागोलाच अमेरिकेतल्या संघटित कामगारांच्या महासंघाचं अधिवेशन भरलं. महासंघ तसा अशक्त होता. पण त्याने ठराव केला की १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा कायदेशीर दिवस राहील. सरकारकडे मागणी नव्हे, आम्हीच लागू करू, अशी ती भाषा होती. आणि तारीख करार-सालाची.

१ मे १८८६ हा शनिवार होता, आणि शनिवार तेव्हा कामाचाच दिवस. देशभरात सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले आणि शिकागो संपाचं केंद्र झालं. ३ मेला मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि कामगार मेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ निषेध सभा झाली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेले, त्यांना काही वावगं दिसलं नाही. पाऊस आला, गर्दी पांगत होती, शेवटचा वक्ता सॅम्युअल फील्डन आटोपतं घेत होता, तेवढ्यात पोलिसांची तुकडी चालून आली. कोणीतरी बॉम्ब टाकला. पोलिसांनी गोळीबार केला. सात पोलीस आणि किमान चार नागरिक मेले. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच ठरलं नाही.

खटला आठ जणांवर चालला, तोही बॉम्ब त्यांनी टाकला हे सिद्ध न करता. सात जणांना फाशी आणि ऑस्कर नीबे यांना पंधरा वर्षं. ११ नोव्हेंबर १८८७ ला अल्बर्ट पार्सन्स, ऑगस्ट स्पाईस, अॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना फासावर चढवलं. लुई लिंग याने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. फील्डन आणि मायकेल श्वाब यांची फाशी जन्मठेपेवर आली होती. १८९३ मध्ये गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना माफी दिली, आणि ती देताना खटलाच अन्यायाचा होता असं लिहून ठेवलं.

तुमच्या श्रोत्यांसाठी एक धागा इथे आहे. या आठांपैकी पाच जण जर्मनीत जन्मलेले होते. श्वाब तर तुमच्याच बव्हेरियातला, फ्रँकोनिया भागातला. धंद्याने बुकबाइंडर. स्पाईस शिकागोत एका जर्मन कामगार वर्तमानपत्राचा संपादक होता. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेली, घरी आपली भाषा बोलणारी, आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत लिहिणारी ही माणसं. मराठी मंडळातल्या मुलांना ही ओळख पटकन पटेल.

आता दुसऱ्या उत्तरातली गफलत. जुलै १८८९ मध्ये पॅरिसला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीला, आंतरराष्ट्रीय समाजवादी कामगार परिषद भरली. तिथे रेमों लाविन्य या फ्रेंच कामगार कार्यकर्त्याने मांडलेला ठराव संमत झाला: सगळ्या देशांत एकाच दिवशी आठ तासांसाठी निदर्शनं करायची. कोणता दिवस? तर अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने डिसेंबर १८८८ च्या सेंट लुईस अधिवेशनात १ मे १८९० हा दिवस आधीच धरला आहे, म्हणून तोच. फाशी गेलेल्यांचा ठरावात उल्लेख नाही. हुतात्म्यांची आठवण खरी होती, खोल होती, आणि ती या दिवसाला फार लवकर चिकटली. पण तारीख तिथेही कराराच्या वहीतूनच आली. शिवाय ते एकदाच करायचं ठरलं होतं. १८९० ला प्रतिसाद एवढा मोठा मिळाला की पुढच्या वर्षीच्या ब्रसेल्स परिषदेने तो पुन्हा करायचा ठरवला, आणि मग पायंडा पडला तो पडलाच.

आणि गंमत बघा, वर्षभरात वसंत परत आत शिरला. १ मे १८९१ ला उत्तर फ्रान्समधल्या फूर्मी या कापडगिरण्यांच्या गावात सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. नऊ जण मेले, बहुतेक कोवळ्या वयाचे. मारिया ब्लोंदो ही अठरा वर्षांची गिरणी कामगार त्यात होती. तिच्या हातात फुललेली फांदी होती असं तेव्हापासूनच्या चित्रांत दिसतं, कारण १ मेला फांदी घेऊन निघायची त्या भागातली जुनी चाल. इंग्लंडमध्ये चित्रकार वॉल्टर क्रेनने १८९४ साली ‘कामगारांचा मे-खांब’ काढला: खांबाभोवती कामगार नाचताहेत आणि फितींवर त्यांच्या मागण्या लिहिल्या आहेत, आठ तासांचीही. हे त्याने जाणूनबुजून केलं. फ्रान्समध्ये मोर्चेकरी आधी छातीवर लाल त्रिकोण लावत. दिवसाचे तीन भाग: आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःचे. पुढे त्याऐवजी रानगुलाबाचं लाल फूल आलं.

या फुलाचं पुढे काय झालं ते मी कधी गाळत नाही. आज फ्रान्समध्ये १ मेला सगळे एकमेकांना म्युगे ही पांढरी घंटीसारखी फुलं देतात, कोपऱ्याकोपऱ्यावर लोक विकायला बसतात. चाल जुनीच, सोळाव्या शतकातल्या राजदरबारापर्यंत तिचं मूळ नेतात. पण कामगार दिनाचं अधिकृत फूल म्हणून लाल रानगुलाब हटवून पांढरं म्युगे बसवलं ते मार्शल पेतँच्या, नाझींशी हातमिळवणी केलेल्या, राजवटीने, १९४१ मध्ये, दिवसाला ‘श्रम आणि सामाजिक सलोख्याचा सण’ असं नाव देऊन. जर्मनीत तर याहून वाईट. १९१९ साली वायमारला भरलेल्या जर्मन संसदेने १ मेची सुट्टी फक्त त्या एका वर्षापुरती दिली होती. ती देशभर कायमची, पगारी केली नाझींनी, १९३३ मध्ये, ‘राष्ट्रीय श्रमाचा दिवस’ म्हणून. १ मेला बर्लिनच्या टेंपलहोफ मैदानावर लाखोंची सभा झाली आणि २ मेला देशभर कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर धाडी घालून नेत्यांना पकडलं. मोर्चात येणाऱ्यांना बंदी करता येत नसेल तर त्यांची सुट्टी आपल्या नावावर करायची, ही युक्ती राज्यकर्त्यांना सगळीकडे सुचलेली दिसते. अमेरिकेने तर तारीखच टाळली. तिथे १८९४ मध्ये सप्टेंबरातला सोमवार ‘लेबर डे’ ठरला, आणि १ मेला १९५८ पासून ‘कायदा दिन’ आहे. कॅथलिक चर्चने १९५५ मध्ये १ मे हा कष्टकरी संत जोसेफचा सण ठरवला. गोव्यातल्या आणि वसईतल्या आपल्या ख्रिस्ती मंडळींना हा सण माहीत असेल.

फिनलंड मात्र दोन्ही बाजू एकत्र नांदवतो. तिथे आदल्या संध्याकाळी विद्यार्थी हेलसिंकीत एका कारंज्यावरच्या पुतळ्याला पांढरी टोपी घालतात, लिंबू-गुळाच्या सरबतासारखं आंबवलेलं पेय पितात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांवर कामगारांचे मोर्चे.

इथवरचं थोडक्यात गोळा करतो, म्हणजे टिपण काढायला बरं. हिवाळा संपण्याचा दिवस म्हणून १ मे सण झाला, आणि त्याच कारणाने खंड, भाडं, मजुरी यांचं साल तिथून सुरू झालं. अमेरिकन कामगारांनी मजुरीच्या सालाचा पहिला दिवस म्हणून तो धरला. पॅरिस परिषदेने अमेरिकेची तारीख घेतली. शिकागोच्या फाशीने तिला वजन दिलं. फुलं आणि खांब मग कामगारांनी स्वतः परत आणले.

आता आपल्याकडचं. १८९० च्या त्याच एप्रिलमध्ये, युरोपात पहिल्या मे दिनाची तयारी चालू असताना, २४ तारखेला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. दहा हजारांच्या आसपास माणसं जमली होती आणि दोन बायकांनी भाषणं केली. मागणी आठ तासांची नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून मांडलेली मागणी अशी होती: सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, दुपारी अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे ‘सूर्य मावळल्यावर तरी सोडा’. १० जून १८९० ला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पॅरिसच्या ठरावाशी याचा काही संबंध नाही. लोखंडे सत्यशोधक होते, फुल्यांच्या परंपरेतले, आणि त्यांची लढाई त्यांनी स्वतःच्या हिशोबाने उभी केली होती. मंडळात बोलताना हे जरूर सांगा. सगळं तिकडून आलं असा समज मुलांचा होऊ नये.

लाल झेंड्याचा मे दिन भारतात पहिल्यांदा साजरा झाला १ मे १९२३ ला चेन्नईत, सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने, समुद्रकिनाऱ्यावर. आठ तासांना मात्र वेळ लागला. १९१९ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम कराराने उद्योगांत आठवड्याला ४८ तास ठरवले, तेव्हा भारतासाठी वेगळं कलम घालून ६० तास ठेवले. १९३४ च्या कारखाने कायद्याने ते ५४ वर आले, आणि ४८ झाले १९४६ च्या दुरुस्तीने, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना.

१ मे १९६० ला मुंबई राज्याची फाळणी होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं झाली. त्या लढ्यात गिरणी कामगारांचा वाटा किती होता हे गिरणगावातल्या कुठल्याही जुन्या चाळीत विचारा. सरकारी सुट्टीच्या यादीत आपल्याकडे नाव असतं ‘महाराष्ट्र दिन’, आणि कामगार दिन त्याच्या पाठीमागे उभा असतो. पण २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात दहा (२०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस) किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ज्या चार पगारी सुट्ट्या नावानिशी दिल्या आहेत, त्यात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या जोडीला १ मे आहे. मॉलमध्ये किंवा छोट्या ऑफिसात काम करणारी मुलं मला ‘आम्हाला लागू आहे का’ असं विचारतात, त्यांना मी हेच कलम दाखवतो.

आता फ्लोराबाई. मुंबईच्या हुतात्मा चौकात १८६४ साली बांधलेलं कारंजं आहे, त्यावर जी बाई उभी आहे ती तीच रोमन फुलांची देवी. २१ नोव्हेंबर १९५५ ला त्याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. आज तिच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे, आणि स्मारकावर मशाल घेतलेले दोघे कोण? एक शेतकरी, एक कामगार. दरवर्षी १ मेला मानवंदना तिथेच होते. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पण तुमच्या लेकीने विचारलेल्या प्रश्नातली सगळी पात्रं एका फोटोत मावतात. भाषणाला एकच चित्र दाखवायचं असेल तर हे दाखवा.

शेवटी भाषणाबद्दल, कारण खरं काम ते आहे. कसं सांगायचं हे श्रोत्यांच्या वयावर आहे. दहाच्या आतली मुलं जास्त असतील तर खांबावरच्या चिन्हांपासून सुरुवात करा. कोणतं चिन्ह कोणाचं ते त्यांना ओळखू द्या, मग आज असा खांब केला तर आई-बाबांच्या कामासाठी कोणतं चिन्ह लावाल ते विचारा. सॉफ्टवेअरवाल्यांची चिन्हं काय निघतात ते बघण्यासारखं असेल. मग एक गोल काढून आठ-आठ-आठचे तीन भाग करा. बॉम्ब आणि फाशी त्यांना सांगायची गरज नाही, १८६७ चा प्रसंग पुरतो: कायदा झाला, मालकांनी पळवाट काढली, लोक रस्त्यावर आले. बारा-तेराच्या पुढची मुलं असतील तर हेमार्केटचा खटला पूर्ण सांगा आणि पुरावा नसताना शिक्षा योग्य का, यावर त्यांना भांडू द्या. १९३३ चा भागही त्यांनाच सांगा. जर्मन शाळेत त्यांना तो काळ शिकवतात, पण १ आणि २ मेची जोडी तिथे लक्षात राहतेच असं नाही.

मंडळात कोणी ‘राजकारण नको’ म्हणालं, तर लोखंडे आणि रविवारची सुट्टी एवढंच घ्या, त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. वेळ उरला तर आखाजीचे झोके. पंधरा मिनिटांत याहून जास्त कोंबू नका. गाणी कोणती घ्यायची ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मला गती नाही.